उतारवय, ख्रिस्ती विश्वास आणि घ्यायला शिकणं

धागाकर्ती : सांजवेळ

सर्वांना सलाम.

ज्येष्ठांच्या विभागात समाधानावर बरंच लिहिलं जातं. बहुतेक सल्ला एकाच वळणाचा असतो : कुणावर अवलंबून राहू नका, हातपाय हलते ठेवा, घर शेवटपर्यंत स्वतःच्या नावावर असू द्या, मुलांकडून अपेक्षा नको. सल्ला चांगलाच आहे. पण ज्यांचे हातपाय आता ऐकत नाहीत त्यांच्यासाठी त्यात काहीच नाही. त्यांच्यासाठी आणि त्यांचं करणाऱ्यांसाठी हा धागा काढतेय. मी जन्माने ख्रिस्ती, मुंबईतल्या मराठी मंडळीत (चर्चच्या सभासदांना आम्ही मंडळी म्हणतो) वाढलेली. जे लिहिणार आहे ते त्या विश्वासातूनच येतं, म्हणून आधीच सांगून ठेवते.

माझी सगळी नोकरी पालिकेच्या रुग्णालयात झाली, बरीचशी ऑर्थोच्या वॉर्डात. खुब्याचं हाड मोडून आलेल्या आज्या रोज पाहिल्या. दुखण्यावर त्यांना इंजेक्शन देता यायचं. पण बेडपॅन मागताना त्यांची मान भिंतीकडे वळायची, त्यावर आमच्याकडे औषध नव्हतं. ‘सिस्टर, तुम्हाला फार त्रास देते हो,’ हे वाक्य मी इतक्या तोंडांतून ऐकलं की त्याचं उत्तरही ठरून गेलं होतं : ‘त्रास कसला आजी, कामच आहे आमचं.’

आता त्या खाटेवर मी आहे. ऑपरेशन झालं, वॉकर आला, पण गुडघे आधीच गेलेले. खाटेपासून खिडकीपर्यंत, एवढाच पल्ला. ब्युरोची, म्हणजे रुग्णसेवेला माणसं पुरवणाऱ्या संस्थेची, बाई येते, बारा तासांची. बाई कसली, विशीतली पोर आहे. तिला स्पंज द्यायला मीच शिकवलं. आधी डोळे पुसायचे, नाकाकडून कानाकडे, प्रत्येक डोळ्याला कापसाचा वेगळा बोळा. मग चेहरा, मान, हात. पाणी कोपर बुडवून बघायचं आणि गार व्हायच्या आत बदलायचं. कुशीवर वळवलं की मॅकिंटॉशची (खाटेवरच्या रबरी चादरीची) सुरकुती हाताने ताणून काढायची, नाहीतर तिथेच पाठीला जखम धरते. हे सगळं तिला नीट येतं आता. पण ती हे करत असताना अंग न चोरता स्वतःला तिच्या हाती सोपवायचं, हे मला नर्सिंगच्या शाळेत कुणी शिकवलं नव्हतं.

बायबलमध्ये योहानाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात प्रभू शिष्यांचे पाय धुतो, हे सगळ्यांना माहीत आहे. संडे स्कूलपासून आम्हाला त्यातून एकच धडा मिळाला : तुम्हीही एकमेकांचे पाय धुवा. नर्सिंगला निघालेल्या मुलींसाठीच्या प्रार्थनेत तर हमखास हाच उतारा वाचला जायचा. धडा खरा आहे, प्रभूनेच दिलाय. पण त्याच्याआधी पेत्र या शिष्याशी झालेलं बोलणं आहे. पेत्र म्हणतो, माझे पाय तुम्ही कधीच धुवायचे नाहीत. प्रभू म्हणतो, मी तुला धुतलं नाही तर माझ्याबरोबर तुला वाटा नाही. म्हणजे पाय धुण्याआधी पाय पुढे करायचे आहेत. मी आयुष्यभर त्या अध्यायाचा उत्तरार्धच जगले.

पुढे एकविसाव्या अध्यायात, सरोवराच्या काठी, त्याच पेत्राला प्रभू सांगतो की तरुण होतास तेव्हा तू स्वतः कंबर बांधून हवं तिकडे जायचास, म्हातारा होशील तेव्हा हात लांब करशील आणि दुसरा कुणी तुझी कंबर बांधून तुला नको तिकडे नेईल. योहानाने लगेच खुलासा केलाय की हे पेत्राच्या मरणाविषयी आहे. तो अर्थ मला मान्यच आहे. पण दुसरं कुणी गाऊनची नाडी बांधत असताना ही ओळ आठवली की मी ती माझ्या वयासाठीही घेते. आणि त्यानंतर लगेच प्रभू म्हणतो, ‘माझ्यामागे ये.’ ज्याला स्वतःहून कुठे जाता येणार नाही असं नुकतंच सांगितलं, त्यालाच ये म्हणतो. याचा अर्थ खाटेवरूनही त्याच्यामागे जाता येतं.

‘कृपेने तारण’ हे आमच्याकडे बाळपणापासून कानावर पडतं. कृपा म्हणजे न कमावता मिळालेलं. डोक्याला ते केव्हाच पटलं होतं. शरीराला आता पटतंय. मी आज घरात एक कपही विसळत नाही, तरी मला वेळेवर चहा मिळतो, कुणीतरी केस विंचरतं, आणि देवाच्या लेखी माझी किंमत वॉर्ड सांभाळत होते तेव्हा होती तेवढीच आहे. हे ज्या दिवशी आत उतरलं त्या दिवसापासून मी त्या पोरीला ‘त्रास देते गं तुला’ म्हणणं सोडलं. आता ‘बरं वाटलं’ म्हणते. ती हसते.

दुखायचं थांबलेलं नाही. आमच्या घरामागून हार्बरच्या गाड्या जातात. शेवटची गाडी गेली की पहाटेच्या पहिल्या गाडीपर्यंतचा वेळ फार लांबतो. पाठ आहेत ती स्तोत्रं म्हणते. कधी त्याने शांत वाटतं, कधी नाही वाटत. पण कडवटपणा गेला. तुमच्या घरांत, तुमच्या मंडळींत, चर्चमध्ये काय अनुभव आहेत? ख्रिस्ती नसलेल्यांनीही जरूर लिहावं.

गोराईचा

ताई, सलाम. आम्ही कॅथलिक, गावठाणातले. माझी आई अशीच घरात बसून आहे. मुंबईच्या गावठाणांत वाटेवाटेवर क्रूस दिसतात, त्यांतले कितीतरी १८९६ ला शहरात प्लेग आला त्या काळातले. लोकांनी संकटात हात जोडायला जागा केली, ती राहिली. मे महिन्यात तिथे संध्याकाळी रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, होते. आईला चर्चपर्यंत चालवत नाही, पण तिची खुर्ची दारात काढली की क्रूसापाशी चाललेली रोझरी तिला ऐकू येते. ती तिथूनच उत्तर देते.

एक गोष्ट मात्र तुमच्या लिहिण्यात जोडावीशी वाटते. आई नुसतं घेत नाही. तिच्याकडे एक वही आहे, जुन्या डायरीची, त्यात नावं. कुणाचं ऑपरेशन, कुणाची बोट पाण्यात, कुणाच्या नातवाची बारावी. बोटी परत आल्या की कुणीतरी येऊन सांगून जातं, मग ती त्या नावापुढे छोटा क्रूस काढते. अक्षर आता वाकडं येतं. लोक तिला नावं सांगायला मुद्दाम येतात. लूकच्या शुभवर्तमानातली, दुसऱ्या अध्यायातली हन्ना आठवते, चौऱ्याऐंशी वर्षांची विधवा, मंदिर न सोडता रात्रंदिवस प्रार्थना करणारी. बाळ येशूला बघून सगळ्यांना त्याच्याविषयी सांगत सुटली ती म्हातारीच.

सांजवेळ

वहीची कल्पना फार आवडली. मी आजच मागवते एक.

केतकी_परळ

छान लिहिलंय ताई. मी ख्रिस्ती नाही, आमच्याकडे वारी आहे. मनापासून विचारते, वाद म्हणून नाही. समाधान तर तुकोबांनीही सांगितलंय. देवाने ठेवलं तसं राहावं, मन शांत असावं. मग ख्रिस्ती विश्वासाचं यात वेगळं काय? आणि दुसरं म्हणजे, हे समाधान म्हणजे तक्रार गिळणं तर नाही ना? माझ्या सासूबाई कुठे दुखतं ते सांगतच नाहीत. विचारलं तर ‘देवाची इच्छा’. त्यामुळे त्यांचं न्यूमोनियाचं निदान उशिरा झालं.

सांजवेळ

केतकी, तुकोबांना परकं मानायचं कारण आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांना कधी पडलं नाही. रेव्हरंड ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली इथे मुंबईतच झाला, आणि तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं ते सांगत. त्यांची पदं आम्ही आजही पेटीवर गातो. तेव्हा तुझं-माझं बरंचसं एकच आहे.

वेगळं काय ते मी माझ्यापुरतं सांगते. माझा देव स्वतः दुसऱ्याच्या हाती पडला. गव्हाणीत इतरांनी त्याला गुंडाळलं, क्रूसावर तहान लागली तेव्हा मागावं लागलं, आणि मेल्यावर इतरांनीच खाली उतरवून तागाच्या वस्त्रात बांधलं. मागावं लागणं म्हणजे काय हे तो आतून जाणतो. मला लाज वाटते तेव्हा मी त्याच्याशी बोलते, आणि ते त्याला पहिल्यांदा सांगावं लागत नाही.

तक्रार गिळण्याबद्दल तू म्हणतेस ते फार महत्त्वाचं आहे. तसलं समाधान मला नको, आणि बायबललाही नको असावं. बायबलमधली स्तोत्रसंहिता बरीचशी तक्रारीने भरली आहे. ८८ वं स्तोत्र तर काळोखातच संपतं, शेवटी आशेची एक ओळही नाही. तरी ते पवित्र शास्त्रात आहे. देवापुढे ओरडणं हीसुद्धा प्रार्थना आहे. सासूबाईंना सांग, दुखतं ते सांगणं हा अविश्वास नाही. आणि नर्स म्हणून सांगते : म्हातारपणी न्यूमोनियात ताप चढेलच असं नाही. जेवण सुटलं, गुंगी आली, बोलण्यात घोळ व्हायला लागला, श्वास जोरात चालला तर वाट बघू नका.

केतकी_परळ

धन्यवाद ताई. गुंगीच होती, आम्हाला वाटलं वयामुळे असेल.

मोगरा

वाचतेय. डोळे भरून आले.

एकटा_दादर

स्पष्ट लिहितो, राग मानू नये. घ्यायला शिका हे सगळं ठीक, पण द्यायला कुणी असावं लागतं. तुम्हाला ब्युरोची बाई आहे, गोराईच्या आजींना दारात खुर्ची काढून देणारा मुलगा आहे. माझी पत्नी गेली, मुलगी परदेशात. मीही ख्रिस्ती, एकेकाळी कॉयरमध्ये होतो. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. श्वास लागतो म्हणून उतरणं बंद झालं. मंडळीतून सुरुवातीला फोन आले, मग थांबले. रविवारी मोबाइलवर भक्ती (चर्चची उपासना) बघतो, ‘आमेन’ म्हणायला घरात दुसरा आवाज नाही. बायबलमध्ये प्रेषित पौल म्हणतो मी कुठल्याही स्थितीत समाधानी राहायला शिकलोय. मला ते वाचून उलट अपराधी वाटतं.

सांजवेळ

दादा, राग कसला. तुम्ही लिहिलंत हे बरं झालं. तुमची गोष्ट माझ्यापेक्षा अवघड आहे आणि तिला माझ्याकडे सोपं उत्तर नाही.

फक्त पौलाच्या त्या ओळीबद्दल. ती फिलिप्पै गावच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात चौथ्या अध्यायात आहे आणि तो ती कैदेतून लिहितोय. आपण ती सुटी काढून भिंतीवर लावतो म्हणून ती आपल्यावर डाफरल्यासारखी वाटते. मागची-पुढची वाक्यं वाचा. तिथे पौल एका मदतीची पोच देतोय. फिलिप्पैच्या मंडळीने एपफ्रदीताच्या हाती त्याच्यासाठी काहीतरी पाठवलं, तो ते घेऊन आला, वाटेत की आल्यावर मरणाच्या दारात जाण्याइतका आजारी पडला. पौल म्हणतो, माझ्या संकटात तुम्ही भागीदार झालात हे फार चांगलं केलंत, आता माझ्याकडे भरपूर आहे. म्हणजे समाधानाचं ते प्रसिद्ध वाक्य आणि ‘तुम्ही पाठवलेलं मिळालं’ हे एकाच परिच्छेदात आहे. एकट्याने दात-ओठ खाऊन सोसणाऱ्या माणसाचं ते वाक्यच नाही. आणि ‘शिकलो’ म्हणतो तो. उपजत नव्हतं. तुम्ही अजून शिकताय, मीही शिकतेय. त्यात अपराध कुठला?

पेटीवादक

मी एका मराठी मंडळीत पंच, म्हणजे मंडळीचा कारभार बघणाऱ्यांपैकी एक, आहे. दादरच्या दादांनी लिहिलेलं वाचून मान खाली गेली, कारण असे लोक आमच्याही यादीत असणार. बायबलमधलं ‘प्रेषितांची कृत्ये’ हे पुस्तक, सहावा अध्याय काढून बघा. यरुशलेमच्या पहिल्या मंडळीत कुरकुर झाली ती सिद्धांतावरून नव्हे. रोजच्या वाटपात ग्रीक भाषा बोलणाऱ्यांच्या विधवांकडे दुर्लक्ष होतं, ही तक्रार होती. प्रेषितांनी तक्रार करणाऱ्यांना ‘समाधानी राहा’ म्हणून गप्प केलं नाही. सात माणसं नेमली, नावानिशी. पुढे हुतात्मा झालेला स्तेफन त्यांतलाच.

म्हणून दादा, पाळकसाहेबांना फोन करा आणि स्पष्ट सांगा की मला कुणी भेटायला येत नाही. ते भीक मागणं नाही. मंडळीला तिचं काम आठवून देणं आहे. याकोबाच्या पत्रात पाचव्या अध्यायात तर पुढाकार आजाऱ्यानेच घ्यायचाय : कुणी आजारी असेल तर त्याने मंडळीच्या वडिलांना (पुढाऱ्यांना) बोलवावं, त्यांनी तेल लावून त्याच्यासाठी प्रार्थना करावी. बोलवायचं तुम्ही, यायचं आम्ही.

अक्षरवेल

थोडा वेगळा सूर लावते. आपल्या परंपरेतल्या बायका बघा. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदासदन काढलं, पुढे केडगावला मुक्ती मिशन उभं केलं आणि शेवटची वर्षं मराठी बायबलच्या भाषांतराला दिली. १९२१ साली मनोरमा, एकुलती एक लेक, गेली. त्यानंतरही काम थांबवलं नाही. एप्रिल १९२२ मध्ये रमाबाई गेल्या. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून पुस्तकरूपाने येऊ लागली तेव्हा त्या पासष्टी ओलांडून गेलेल्या. टिळकांचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ही त्यांनीच पुढे नेलं. त्यांचं समाधान कामात होतं. ज्यांना जमतं त्यांनी म्हातारपणी नवं काहीतरी हाती घ्यावंच. घेण्याची गोष्ट इतकी पुढे आणली तर धडधाकट माणसंही खुर्ची धरतील अशी भीती वाटते.

सांजवेळ

अक्षरवेल, जमेल तोवर काम करावं यात दुमत नाही. मी लिहिलंय ते त्याच्या पुढच्या थांब्याबद्दल. रमाबाईंच्या शेवटाविषयी मला नेहमी जाणवतं ते हे की मुक्ती मिशन मनोरमेच्या हाती सोपवायचं होतं, ते झालं नाही, आणि तरी त्यांना सगळं दुसऱ्यांच्या हाती सोडून जावं लागलं. एवढं मोठं काम उभं केलेल्या बाईलाही शेवटी सोपवावंच लागलं.

गोराईचा

आमच्या चर्चच्या सिस्टर (नन) लोकांनी सांगितलेली एक गोष्ट इथे बसते. जान ज्युगां नावाची फ्रेंच बाई. १८३९ च्या हिवाळ्यात तिने एका आंधळ्या, लुळ्या म्हातारीला घरी आणलं आणि स्वतःचा पलंग तिला दिला. त्यातून लिटल सिस्टर्स ऑफ द पुअर हा संघ उभा राहिला, म्हाताऱ्या गरिबांची सेवा करणारा. पुढे एका धर्मगुरूने तिला प्रमुखपदावरून बाजूला सारलं. शेवटची सत्तावीस वर्षं ती संघाच्याच घरात एका कोपऱ्यात होती, आणि नव्या सिस्टर्सना माहीतही नसायचं की ही म्हातारी संस्थापक आहे. १८७९ ला गेली. २००९ ला तिला संत घोषित केलं. मला तिचा पलंग देण्याचा भाग जितका मोठा वाटतो तितकीच ती सत्तावीस वर्षंही. तिथे ती काही करू शकत नव्हती आणि तरी कडवट झाली नाही.

करणारी_सून

मी खाटेच्या दुसऱ्या बाजूची. सासूबाईंना पक्षाघात झाल्यापासून त्यांचं सगळं मी करते, नोकरी सांभाळून, डोंबिवली लोकलने जाऊन-येऊन. ताईंचं ‘बरं वाटलं’ हे वाक्य वाचून थांबले. आमच्याकडे रोज ‘मला उचल रे देवा, हिची सुटका कर’ असं चालतं. त्यांना वाटतं त्या माझी काळजी करतायत. प्रत्यक्षात माझ्या हातातलं काम त्या दर वेळी ओझं ठरवतात आणि मग ते ओझंच होतं. वळवणं, पुसणं, भरवणं याने मी दमते, पण त्या वाक्याने जास्त दमते.

चर्चमध्ये एक सांगावंसं वाटतं : म्हाताऱ्यांना भेटायला येता तेव्हा प्रार्थना त्यांच्यासाठी होते, ती हवीच. पण दोन तास कुणी त्यांच्यापाशी बसलं तर मी जाऊन झोपेन. ‘तुला स्वर्गात मुकुट मिळेल’ यापेक्षा ते दोन तास हवेत.

पेटीवादक

ताई, हे मी तसंच्या तसं पुढच्या पंचांच्या बैठकीत वाचून दाखवतो. नाव न घेता.

सांजवेळ

सूनबाई, सासूबाईंना कळत असेल तर हा धागा वाचून दाखवा. तुम्हाला अवघड वाटत असेल तर केतकीच्या सासूबाईंसारखंच त्यांनाही सांगा, एका नर्सने सांगितलंय म्हणून. ‘मला उचल’ हे देवाला म्हणायला हरकत नाही, ते बायबलमधल्या एलीया संदेष्ट्यानेही झाडाखाली बसून म्हटलं होतं. देवाने त्यावर उपदेश केला नाही. आधी झोपू दिलं, मग दूताकरवी भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खायला दिलं. त्यांना तेवढं सांगा की तुमच्या हातचा घास ती भाकर आहे.

मोगरा

कॅथलिक लोकांसाठी माहिती विचारायची होती. माझ्या वडिलांना मिस्साला (चर्चमधल्या उपासनेला) जाता येत नाही. आजाऱ्यांना तेल लावायचा संस्कार घरी करून घ्यावा असं मी म्हटलं तर घरचे घाबरले. म्हणतात फादर तेल घेऊन आले म्हणजे शेवट आला.

गोराईचा

हा समज जुना आहे आणि अजून गेलेला नाही. १९७२ साली पोप सहावे पॉल यांनी या संस्काराची पद्धत बदलली. तो फक्त मरणाच्या दारातल्यांसाठी नाही. गंभीर आजारात, मोठ्या ऑपरेशनआधी, वयाने थकलेल्यांना आजार नसला तरी घेता येतो, आणि प्रकृती पुन्हा बिघडली तर पुन्हाही. ११ फेब्रुवारीला, लूर्द मातेच्या सणाला, आजाऱ्यांचा दिवस असतो, तेव्हा पुष्कळ चर्चमध्ये सगळ्या म्हाताऱ्यांना एकत्रच तेल लावतात. वडिलांना तिथे खुर्चीवरून नेता आलं तर भीती आपोआप जाईल.

कोमुनियनसाठी (मिस्सातल्या पवित्र भाकरीसाठी) पॅरिश ऑफिसात, म्हणजे चर्चच्या कार्यालयात, नाव नोंदवा. बऱ्याच ठिकाणी पहिल्या शुक्रवारी फादर किंवा नेमलेले लोक घरी घेऊन येतात. एक छोटं टेबल, पांढरा स्वच्छ कपडा, क्रूस, मेणबत्ती आणि पेलाभर पाणी, एवढी तयारी पुरे. वडिलांना गिळायला त्रास असेल तर आधी सांगा, अगदी छोटा तुकडाही चालतो.

एकटा_दादर

आज पाळकसाहेबांना फोन केला. बोलताना अवघड गेलं, पण केला. ते म्हणाले या आठवड्यात प्रभुभोजन (आमच्याकडचं कोमुनियन) घेऊन येतो, सोबत कुणी चालेल का. मी हो म्हटलं. पेटीवादक, तुमची मंडळी दादरपासून लांब नसेल आणि आमच्या पाळकसाहेबांची हरकत नसेल तर तुम्हीही याल का? ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकातली जुनी गाणी म्हणायला कुणी बरोबर असेल तर मला खालचा स्वर अजून लागतो. जिने तीन आहेत आणि चढ उभा आहे.

पेटीवादक

दादा, तुमच्या पाळकसाहेबांशी मी बोलून घेतो. निरोपात पत्ता पाठवा, पेटी घेऊन येतो. रविवारी भक्तीनंतर की शनिवारी संध्याकाळी, तुम्हाला श्वास कधी बरा असतो ते सांगा.

एकटा_दादर

शनिवारी संध्याकाळी. पत्ता पाठवला आहे.